पावतीपुस्तक

जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत. एक, ज्यांच्या हातात पावतीपुस्तक असतं ते. आणि दुसरे, ज्यांना ते पावतीपुस्तक दाराला बसवलेल्या भिंगातून दिसतं ते. पहिल्या प्रकारचा माणूस बेल वाजवतो आणि दुसऱ्या प्रकारचा श्वास रोखून धरतो. टीव्ही हळूच मुका केला जातो, मुलांना डोळ्यांनी दटावलं जातं, घरचा कर्ता पुरुष अनवाणी पावलांनी दारापर्यंत जाऊन येतो आणि बायकोला दोन बोटं दाखवतो. म्हणजे ‘दोघं आहेत, आणि पुस्तक आहे’. एवढी सगळी नाकेबंदी बिनबोभाट पार पडते आणि नेमकी त्याच क्षणी कुकरची शिट्टी होते. कुकरला वर्गणी द्यावी लागत नाही. त्यामुळे त्याला प्रसंगाचं गांभीर्य नसतं.

पावतीपुस्तकवाल्यांतही पुन्हा दोन पोटप्रकार आहेत. पहिला, उत्सवाच्या मंडळाच्या पोरांचा. ‘काका, गेल्या वर्षी पाचशे होते. यंदा हजार टाकतोय.’ आता यातलं ‘टाकतोय’ हे क्रियापद पाहा. मागणं नावाची क्रिया त्यात कुठं घडतच नाही. आपण ‘अरे, पण...’ म्हणेपर्यंत पावती लिहून, फाडून आपल्या हातात आलेली असते आणि पोरं समोरच्या दारात ‘काकू, यंदा हजार’ म्हणत असतात. दुसरा पोटप्रकार अनाथाश्रम, अंधशाळा, वाचनालय असल्या कामांसाठी हिंडणाऱ्यांचा. हा माणूस बेलसुद्धा अर्धीच वाजवतो. ‘डिंग’ होतं, ‘डाँग’ वाजवायचा त्याला धीर होत नाही. दार उघडताच तो दोन पावलं मागं सरतो आणि म्हणतो, ‘रविवारचा त्रास दिला. तुम्ही कामात असाल. नंतर येऊ का?’ आपण अर्थातच ‘हो, नंतर या’ म्हणतो; आणि तो बिचारा आभार मानून जिना उतरतो.

अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतर मी असा सिद्धान्त बसवला आहे की, कामाचं मोल आणि मागणाऱ्याचा आवाज यांचं प्रमाण नेहमी व्यस्त असतं. बारा कर्णे लावायचे असले की आवाज खणखणीत निघतो. बारा पोरांना जेवू घालायचं असलं की घशात बेडकी होते.

या सिद्धान्ताचा जिताजागता पुरावा आमच्याच घरात येऊन बसला तो ताईच्या मुलीच्या रूपानं. भाची बी.कॉम. झाली. आमच्या घराण्यात बी.कॉम. झाल्यावर बँकेची परीक्षा द्यायची हे मुंजीनंतर लग्नाइतकं ठरलेलं. मी दिली, माझ्या धाकट्या भावानं दिली, एका चुलतभावानं चारदा दिली. पण हिनं समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. ताई म्हणाली, ‘समाजसेवा निवृत्तीनंतर करायची असते.’ भावजी म्हणाले, ‘ती करायला पदवी कशाला लागते? समाज काय मार्कलिस्ट बघणाराय?’ भाचीनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि पहिल्याच वर्षी महिनाभर बीड जिल्ह्यात एका संस्थेच्या वसतिगृहावर काम शिकायला गेली.

हे वसतिगृह ऊसतोड कामगारांच्या मुलींचं. आता साखर आपण चहात टाकतो तेव्हा ती पिशवीतून येते एवढंच आपल्याला माहीत असतं. भाचीनं परत आल्यावर जे सांगितलं त्यात मला सगळ्यांत आधी कळला तो हिशोब. ऊस तोडायला नवरा-बायको जोडीनं जातात आणि त्या जोडीला म्हणतात ‘एक कोयता’. दोन माणसं, चार हात, पण खात्यावर नोंद एक कोयता. मुकादम त्यांना हंगामाआधी रोख रक्कम देतो. तिला म्हणतात ‘उचल’. ती फिटेपर्यंत तोडत राहायचं; फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. आम्ही बँकेत कर्जाला तारण मागतो. इथं कर्जदार स्वतःच तारण. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. घरी आजी असली तर मुलं मागं राहतात. नसली तर आईबापांबरोबर फडावर जातात. तिथं लहान भावाला कडेवर घेणारी, चूल पेटवणारी जी असते तिचं वय शाळेतल्या पाचवी-सहावीचं. वसतिगृह एवढंच करतं की, आईबाप गेले तरी तिला गावात ठेवतं, जेवू घालतं आणि शाळेत धाडतं.

भाची तिथं पत्र्याच्या खोलीत राहिली. थंडीत विहिरीच्या पाण्यानं आंघोळ केली. एका रात्री गादीखाली विंचू निघाला, तर चिमट्यात धरून बाहेर टाकला म्हणे. पण परत येताना संस्थेनं प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक पावतीपुस्तक दिलं. पुढच्या हंगामात चाळीस मुली येणार, त्यांच्या गाद्या-पांघरुणांसाठी ज्यानं त्यानं आपापल्या गावात काही जमवावं. पन्नास पावत्यांचं, निळ्या पुठ्ठ्याचं, तळहाताएवढं पुस्तक. विंचवाला न घाबरलेली मुलगी त्या पुस्तकाला घाबरली.

एका संध्याकाळी ती आमच्याकडे आली. चहा घेतला नाही. पुस्तक टीपॉयवर ठेवलं.

‘मामा, मला काम करायचंय. भीक नाही मागायची. मी सोडून देते.’

‘काय? पावतीपुस्तक?’

‘सगळंच. बँकेची परीक्षा देते.’

ताईला हे ऐकून आनंद झाला असता. मला झाला नाही. बँकेत माणसं कमी आहेत हे खरं. पण विंचू चिमट्यात धरणारी मुलगी आमच्या काउंटरवर आणून बसवायची म्हणजे तिची, विंचवाची आणि बँकेची, तिघांचीही गैरसोय.

मी सवयीनं पुस्तक उघडून पाहिलं. कारकुनाच्या हातात छापील नंबरांचं काहीही दिलं की तो आधी नंबर सलग आहेत का ते पाहतो. चार पावत्या फाडलेल्या होत्या. स्थळप्रतीवर एकावर नाव ‘एक हितचिंतक’, दुसरीवर ‘एक स्नेही’, तिसरीवर ‘नाव न सांगण्याच्या अटीवर’ आणि चौथीवर पुन्हा ‘हितचिंतक’. चारही रकमा दोनशे. चारही एकाच दिवशी. मी नुसतं वर पाहिलं.

‘माझेच आहेत,’ ती म्हणाली. ‘पॉकेटमनीतले.’

यावर मी हसलो नाही, कारण हा आमच्या सगळ्या मध्यमवर्गाचा वडिलोपार्जित तोडगा आहे. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. आमच्या शाळेत तेव्हा मुलांना चिमुकल्या ध्वजांची तिकिटं विकायला देत. सैनिकांच्या कुटुंबांसाठी निधी, म्हणजे कुणालाही अभिमानानं सांगावं असं काम. पण आमच्या वर्गातल्या चाळीस मुलांची तिकिटं चाळीस वडिलांनीच विकत घेतलेली असत. शेजाऱ्याकडे एक रुपया मागण्यापेक्षा स्वतःच्या खिशातून दहा भरणं सोपं. त्यात उदारपणा असतो असं बाहेरून दिसतं. आत असतो तो संकोच.

आणि तो संकोच आपण मुलांना किती मेहनतीनं शिकवतो! कुणाकडे जाण्यापूर्वी आई जिन्यातच बजावून ठेवते, ‘काही मागायचं नाही. दिलं तरी आधी नको म्हणायचं.’ मग त्या घरच्या काकू लाडू पुढे करतात. पोर म्हणतं, ‘नको.’ काकू म्हणतात, ‘अरे घे.’ पोर आईकडे बघत म्हणतं, ‘नको.’ काकू तिसऱ्यांदा आग्रह करतात तेव्हा कुठं आईची पापणी लवते आणि पोर लाडू उचलतं. आमच्याकडे चहाचंही तेच. तीनदा ‘नको, आत्ताच झाला’ म्हटल्याशिवाय कपाला हात लावायचा नाही. समोरून मिळत असलेलंसुद्धा तीनदा नाकारायचं, ही ज्याची शिकवण, त्याच्या हातात एकविसाव्या वर्षी पावतीपुस्तक देऊन ‘जा, माग’ म्हणायचं, हा अन्याय नव्हे काय?

गंमत अशी की, ज्या महाराष्ट्रात हे चालतं तिथंच मागण्याची केवढी थोर परंपरा आहे. मुंजीत बटूला पहिलं काम देतात ते भिक्षा मागण्याचं. आणि पहिली भिक्षा मागायची ती सख्ख्या आईकडे. (हल्ली त्या भिक्षावळीत बंद पाकिटं पडतात आणि ती बटूच्या हाती फार वेळ टिकत नाहीत, हा भाग वेगळा.) नवरात्रात घरंदाज बायका पाच घरी जोगवा मागतात. आणि वासुदेव! डोक्यावर मोरपिसांचा टोप, हातात चिपळ्या, पहाटे दारात उभा. तो काही गयावया करत नाही, की ‘नंतर येऊ का’ विचारत नाही. पसाभर धान्य झोळीत पडलं की तो ते कोणकोणत्या देवाला पावलं त्यांची नावं घेतो. पंढरपूरच्या विठोबापासून जेजुरीच्या खंडोबापर्यंत यादी वाचून दाखवतो. ‘दान पावलं’ म्हणजे पोचलं. आपली ‘पावती’ ह्या ‘पावणे’तलीच. म्हणजे पावती हा कागद नंतरचा; त्याआधी पावती वासुदेवाच्या तोंडात होती. देणाऱ्यानं दिलं ते कुठं पोचलं हे सांगणारा माणूस भिकारी कसा? तो तर पोहोच देणारा.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. पावती या शब्दाची फोड तिला आवडलीसं वाटलं. मग मला जोर चढला. म्हटलं, ‘आपल्याकडच्या मोठ्या संस्था उभ्या राहिल्या त्या काय सावकारांनी काढल्या? अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याला नेला आणि त्याच्यासाठी उभा जन्म वर्गण्या मागितल्या. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले, ते सगळ्यांना ठाऊक असतात. पण त्याआधीच्या एकेका रुपयासाठी किती जिने चढले, ते त्या पंधरा लाखांत दिसत नाही. पुढं वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं आणि पुन्हा घरोघर हिंडायला लागले.’

‘मामा, ते महर्षी होते. मी एमएसडब्ल्यू भाग एक आहे.’

‘बरं, त्यांच्या मेव्हणीचं घे. पार्वतीबाई आठवले. विधवा, केशवपन केलेल्या. आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी गोळा केला. मग इंग्रजी यावं म्हणून १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अमेरिकेला गेल्या आणि तिथं लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. तुला तर आपल्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरच जायचंय. लिफ्ट आहे.’

ती किंचित हसली. मी भाऊराव पाटलांकडे वळलो. १९१९ साली रयत शिक्षण संस्था निघाली. पैसे कुणाकडेच नव्हते, तर त्यांनी मुष्टिफंड काढला: घरच्या बाईनं दळायला बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं. आणि मुलांच्या जेवणाचं अडलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. ह्याच्यात मला कारकून म्हणून भावते ती मूठ. मंगळसूत्र एकदाच मोडता येतं. मूठ रोज निघते. लोकमान्यांच्या काळातल्या पैसाफंडाचंही तेच: माणशी वर्षाला एक पैसा. त्या एकेका पैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एक पैसा मागायला लाज वाटत नाही आणि द्यायला जड जात नाही. उरतो तो फक्त हिशोब, आणि तो ठेवायला आपण बी.कॉम. आहोतच.

पण इतिहासानं माणसाला धीर येतो तो पुस्तक मिटेपर्यंत. भाची म्हणाली, ‘ते सगळं पटतंय. पण दार उघडल्यावर समोरचा माणूस असा बघतो ना, की आपण त्याच्या खिशात हात घालतोय.’

आता हे मात्र माझ्या खात्यातलं होतं. मी म्हटलं, ‘अगं, मी वीस वर्षं काउंटरवर बसतो. रोज लाखो रुपये ह्या दहा बोटांतून जातात. त्यातला एक रुपया माझा नसतो. म्हणून मला ते घेताना लाज वाटत नाही, देताना अभिमान वाटत नाही आणि मोजताना हात कापत नाही. पैसे आपले समजले की हात कापतो. तू दारात उभी राहतेस तेव्हा तुला वाटतं, तू मागतेयस. तू नाही मागत. तू काउंटर आहेस. इकडून आलेलं तिकडं पोचवायचं आणि मधे शिक्का मारायचा.’

‘आणि नाही म्हणाले तर?’

‘रोज चेक परत येतात. कॅशिअर काय रडत बसतो? सोबत एक चिठ्ठी लावतो: ‘सही जुळत नाही’, ‘पुरेशी शिल्लक नाही’, ‘तारीख पुढची आहे’. कारण लिहायचं आणि परत द्यायचं. त्यात काही कारणं अशी असतात की, तोच चेक पुन्हा सादर करता येतो.’

शिवाय मागण्याचं म्हणाल तर आमच्या धंद्यात हल्ली दुसरं असतं काय? ठेवींचं टार्गेट, कार्डाचं टार्गेट, विम्याचं टार्गेट. हयातीचा दाखला द्यायला आलेल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना शेजारच्या काउंटरवर आयुर्विम्याचं पत्रक दिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. आजोबांनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, ‘म्हणजे आजच्या दाखल्यावर तुमचा विश्वास नाही का?’ तिथं कुणाच्या घशात बेडकी होत नाही. कारण कमिशन असतं. ज्यात आपला काही फायदा आहे ते मागायला आपण निर्लज्ज. आणि ज्यात आपल्याला दमडी मिळणार नाही ते मागायला लाजाळूचं झाड. लाज वाटायचीच तर ती उलट्या बाजूनं वाटायला हवी.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं निघालो. मी बरोबर असावं अशी तिची अट होती. तोंड उघडू नये अशी माझी. एका शंभर पानी वहीवर तिनं ‘परत आलेले चेक’ असं लिहून घेतलं होतं.

पहिल्या तासात वही भरभर भरली. ‘साहेब घरात नाहीत’ (साहेबांचा खोकला आतून ऐकू आला). ‘आम्ही देवस्थानाला देतो.’ ‘आम्ही गावाकडं देतो.’ ‘सरकार काय करतं मग?’ ‘तुम्ही लोक निम्मे खाता.’ पूर्वी ‘सुट्टे नाहीत’ हे एक भरवशाचं, घरगुती कारण होतं. २०१६ साली यूपीआय आलं आणि ते गेलं. एका गृहस्थांनी क्यूआर कोड मागितला, भाचीनं पुढं केला, त्यांनी मोबाइल काढला, त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि खेदानं म्हणाले, ‘रेंज नाही.’ त्यांच्या मागं सोफ्यावर त्यांचा मुलगा त्याच रेंजवर क्रिकेटची मॅच पाहत होता. भाचीनं वहीत लिहिलं: ‘रेंज नाही. पुन्हा सादर करणे.’

प्रत्येक दारात ती सुरुवात ‘सॉरी, डिस्टर्ब केलं’ अशी करत होती. म्हणजे दार उघडणाऱ्याला आधीच कळत होतं की, काहीतरी अपराध घडलेला आहे.

तिसऱ्या मजल्यावर एक आजीबाई भेटल्या. त्यांनी आत बोलावून बसवलं आणि चष्मा पुसत थेट विचारलं, ‘यातले तुला किती मिळतात?’

भाचीचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ही उठते. पण तिचा आवाज निराळाच निघाला. ‘आजी, मला काही मिळत नाही. तिथं एक मुलगी आहे, सहावीतली. तिला महाराष्ट्राचा नकाशा दाखवला तर एक जिल्हा सांगता येईना. मग मी विचारलं, कुठं कुठं गेलीस? तर तिनं पाच साखर कारखाने सांगितले. कुठल्या कारखान्याजवळ कुठली नदी, कोपीपासून पाणी किती लांब, सगळं पाठ. पाच हंगाम, पाच कारखाने. दिवाळीनंतरची शाळा तिनं कधी बघितलीच नव्हती. तिच्या पुस्तकांची पहिली निम्मी पानं फाटलेली असायची आणि पुढची निम्मी कोरी करकरीत. यंदा पहिल्यांदा तिची पुढची पानं मळली.’

खोलीत कुणी काही बोललं नाही. आजीबाई आत गेल्या. येताना त्यांच्या हातात पैसे होते आणि एक जुनी, पण घट्ट विणीची रजई होती. ‘ही चालेल का?’ त्यांनी विचारलं. विचारताना त्यांचाच आवाज जरा बारीक झाला होता. मागणारा कोण आणि देणारा कोण, हे त्या घटकेला मला नीट सांगता आलं नसतं.

त्यानंतर ‘सॉरी, डिस्टर्ब केलं’ बंद झालं. मुद्दाम केलं नाही. तिला त्याची आठवणच राहिली नाही. त्या मुलीबद्दल बोलायचं असलं की स्वतःबद्दल लाजायला वेळ कुठला?

शेवटचं दार होतं सरकारी ऑडिट खात्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थांचं. त्यांनी पावतीपुस्तक हातात घेतलं आणि दुर्बीण लावावी तसं न्याहाळलं.

‘संस्था नोंदलेली आहे?’

‘हो. धर्मादाय आयुक्तांकडे.’

‘नंबर?’

तिनं पावतीवर बोट ठेवलं.

‘रोख किती घेता?’

‘दोन हजारांवर रोख नको म्हणतो. २०१७ पासून त्यापुढच्या रोख देणगीला करसवलत बंद झाली आहे.’ (हे मी पढवलेलं.)

‘लेखापरीक्षण?’

‘दर वर्षी होतं.’

‘अहवाल?’

‘तो... संस्थेत आहे.’

‘मग देणगीही माझ्या कपाटात आहे,’ असं म्हणून त्यांनी पुस्तक परत केलं. लिफ्टमध्ये भाचीनं वही उघडली आणि लिहिलं: ‘ताळेबंद जोडलेला नाही. पुन्हा सादर करणे.’ अक्षर अगदी स्थिर होतं.

पुढच्या रविवारी ती एकटी गेली. मला बोलावलंही नाही. बगलेत तीन वर्षांचे अहवाल. गृहस्थांनी म्हणे दीड तास एकेक आकडा वाचला आणि अखेर त्यांना हवं ते सापडलं: पांघरुणांचा खर्च फर्निचरच्या खात्यात टाकला होता. त्यांच्या निवृत्त चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी तेज आलं. भाचीनं त्यांच्यासमोर बसून संस्थेला फोन लावला, खातं दुरुस्त करायला सांगितलं आणि मग पेन त्यांच्यापुढं धरलं. त्या दिवसापासून ते दरमहा ठरावीक रक्कम पाठवतात आणि दर तीन महिन्यांनी हिशोब मागतात. एकदा थंडीत त्यांचा फोन आला तो मात्र आकड्यांसाठी नव्हता. ‘ती नकाशावाली मुलगी यंदा मागं राहिली की गेली?’ एवढंच त्यांना विचारायचं होतं. राहिली होती.

पन्नास पावत्यांचं पुस्तक संपलं. पहिल्या चार स्थळप्रतींवरची ‘हितचिंतक’ मंडळी तशीच आहेत. पण त्यांच्यामागं शेहेचाळीस माणसं आपापल्या खऱ्या नावानिशी, सही करून उभी राहिली. परत आलेल्या चेकांच्या वहीतले बरेच पुन्हा सादर केल्यावर वटले. रेंज नसलेल्या गृहस्थांकडे चौथ्या फेरीत रेंज आली.

भाची पदवी घेऊन आता त्याच प्रकारच्या एका संस्थेत नोकरीला आहे. काम? निधी जमवण्याचंच. कंपन्यांकडे जाते, २०१३ च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांवर नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला खर्च करायची जबाबदारी आली, तिच्याबद्दल साहेब लोकांशी इंग्रजीतून बोलते. पण रविवारी सोसायट्यांचे जिने चढणं तिनं सोडलेलं नाही. म्हणते, ‘मामा, दोन टक्के एकदम येतात आणि एकदम थांबतात. मुठीचं तसं नसतं.’ हे वाक्य मीच तिला दिलं होतं अशी माझी समजूत आहे. पण पावती नाही.

ताईला मात्र अजून नातेवाइकांना सांगताना अडचण पडते. मागच्या लग्नात कुणीतरी विचारलं, ‘मुलगी काय करते?’ ताईनं क्षणभर विचार केला आणि बँकेच्या घराण्याला शोभेल असं उत्तर दिलं, ‘वसुलीत आहे.’

तशी ती वसुलीतच आहे. फरक एवढाच की, वसुलीवाल्याला कुणी चहा विचारत नाही आणि हिला घरोघर विचारतात. आणि ही, आमच्या सगळ्या संस्कारांवर पाणी सोडून, पहिल्याच हाकेला ‘हो, चालेल’ म्हणते. मी एकदा म्हटलं, ‘अगं, निदान एकदा तरी नको म्हणावं.’ तर म्हणाली, ‘कसं म्हणू मामा? चहा व्हायला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटांत दोन मुलींची गोष्ट सांगून होते.’

साखर किती, असं मग त्या घरची बाई विचारते. तिथून तर हिची गोष्टच सुरू होते.